खालच्या आळीची टिपाडं

आमच्या गावात दोन पॅनलचं भांडण नऊ वर्षं चाललं. त्या काळात पाण्याच्या टाकीच्या व्हॉल्व्हला चाव्या दोन होत्या, प्रत्येक पॅनलची एक. एकानं पाणी सोडलं की दुसरा जाऊन बंद करायचा. आमचं घर खालच्या आळीतल्या तेवीस घरांत शेवटचं. आमच्यावर दोन्ही बाजूंनी अन्याय झाला, पण अगदी सारखा झाला.

यंदा दोन्ही पॅनल एक झाली. एकमेकांच्या दहाव्यालाही न जाणाऱ्यांनी एकाच हारात माना घातल्या आणि पंचायत बिनविरोध आली. नव्या सरपंचांनी चावी एकच ठेवली. रोज सकाळी पाऊण तास पाणी. मी घड्याळ लावून पाहिलं, अकरा दिवसांत एक खाडा नाही.

आमच्या नळाला मात्र थेंब नाही. बायको मळ्यातल्या विहिरीवरून हंडे आणत होती आणि डॉक्टरांनी तिला गुडघ्यासाठी ओझं बंद सांगितलं होतं.

बाराव्या दिवशी मी आळीतून मोजत गेलो. बावीस घरांत एक्क्याण्णव टिपाडं, सगळी काठोकाठ. तरी लोक रोज कालचं पाणी शिळं म्हणून अंगणात ओतायचे आणि ताजं भरून घ्यायचे. आमच्यापर्यंत पाणी येत होतं, पण गटारातून.

शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारलं, "मामा, भरलेलं टिपाड पुन्हा कशाला भरता?"

"उद्या ह्या दोघांचं फाटलं मंजे?"

"अकरा दिवस आलंय की."

"मग आता फाटायची येळ झालीच म्हनायची."

मी आळीतल्या सगळ्यांना गोळा करून हिशेब सांगितला. कुणी ओतलं नाही, तर पंधरा मिनिटांत शेवटच्या नळाला पाणी येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामा म्हणाले, "आदी तुमची टिपाडं पालथी करा आप्पा. मग बगू."

माझा पंचायतीवर नसला तरी गुणाकारावर विश्वास होता. मी तिन्ही टिपाडं पालथी केली. बायकोनं विहिरीवरून आणलेलं सगळं पाणी गटाराला लागलं.

सकाळी आळीतल्या सगळ्यांनी येऊन पालथी टिपाडं पाहिली, घरी गेले आणि आपापली भरून घेतली. आमच्या नळानं नुसती हवा सोडली. मग एकेक बाई हंडा घेऊन आली. "आप्पांनी सगळं ओतून दिलंय, म्हनून आज जादाच भरलं." दारात नऊ हंडे लागले.

तेवढ्यात सरपंच आले. "बघा, शेवटच्या घरालाबी पानी पोचलं!" म्हणत त्यांनी हंड्यांचा फोटो काढला. हे नळाचं नाही, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "पोचलं ना? मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी हंडे पुन्हा आले, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मी पंचायतीला अर्ज लिहायला बसलो, तर बायकोनं पेन काढून घेतलं.

"नळाला पाणी आलं, तर ह्या बाया यायच्या थांबतील. आणि नळाचा काय भरवसा?"

तीन दिवसांत ती विहिरीकडं फिरकली नव्हती. मी कागदाची घडी करून खिशात ठेवली.