मेंदीची कढई

"वन्सं, भांग लई पांढरा दिसतुय का वो?" नसरापूरच्या दवाखान्यात वहिनीनं मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. नाकाला ऑक्सिजनची नळी, हाताला सलाईन, आणि बाईला काळजी भांगाची. मी म्हटलं, "अगं, आधी धड श्वास घे, मग भांगाचं बघू." खरं तर भांग चांगला बोटभर पांढरा झाला होता... दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याचा फोन आला, "आत्या, आई गेली."

ज्यांना ठाऊक नाही त्यांना वाटेल, सत्तरीच्या बाईला केसांचा एवढा सोस कशाला. तिच्या गावच्या, विंझरच्या बायाही बोलायच्याच, "म्हातारीला लई हौस." हौस कसली आलीय डोंबलाची. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, विसरण्याचा आजार जडला. आताचं सगळं पुसलं गेलं, जुनं तेवढं उरलं. त्याच्या डोक्यातली बायको काळ्याभोर अंबाड्याची. एके सकाळी समोर पांढऱ्या केसांची बाई बघून तो दचकला आणि म्हणाला, "ए म्हातारे, कोन तू? हितं काय करतीस?" तिच्या हातचा चहासुद्धा घेईना. मी भोरहून गेले की मला मात्र "आये" म्हणायचा. माझा तोंडवळा आईचा आणि डोकंही तिच्यासारखंच कापूस. माझं त्यावर भागून गेलं. वहिनीचं कसं भागावं? उभा जन्म ज्याच्याबरोबर काढला, त्यानंच परकी म्हणायचं...

भाच्यानं बाजारातला काळा रंग आणून दिला. तो लावल्यावर वहिनीचं तोंड असं सुजलं की डोळे उघडेनात, आणि दादा आणखीच बिचकला. मग तिनं कुंपणाची मेंदी ओरबाडली, वाळवून कुटली, लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात भिजत घातली. केस निघाले तांबडेलाल. "कोंबड्याच्या तुऱ्यावानी झालं बघा," म्हणत ती स्वतःच हसली, आणि हसता हसता रडायला लागली, कारण दादा दाराआडून तिच्याकडं टकामका बघत होता. शेवटी मी भोरच्या काष्ठौषधीच्या दुकानातून निळीच्या पाल्याची पूड नेली. आधी मेंदी लावून धुवायची, मग त्यावर नीळ. मेंदी रात्रभर भिजली तरी चालते, नीळ एकदा कालवली की थोड्याच वेळात लावावी लागते. आणि लावल्यावर पहिला दिवस केसांवर हिरवट झाक राहते, दुसऱ्या दिवशी ते काळे होतात.

तो पहिला दिवस वहिनीला फार जड जायचा. डोक्यावरचा पदर ती जरा म्हणून ढळू द्यायची नाही, आणि दादासमोर शक्यतो यायचीच नाही. दुसऱ्या दिवशी अंबाडा घालून, एका हातानं तो चाचपत चहा घेऊन जायची. दादा वर बघायचा.

"आलीस व्हय? कुठं गेल्तीस?"

"मेंदी धुवाय गेल्ते," ती म्हणायची. मग तो चहा प्यायचा, आणि ती आत येऊन भिंतीला टेकून बसायची. पण मुळाशी पांढरं दिसायला लागलं की पुन्हा तिची झोप उडायची. मी चिडायचे, "अगं, दर खेपेला परीक्षेला बसल्यागत काय करतेस?" ती म्हणायची, "वन्सं, तुमाला निदान आये तरी म्हनत्यात. मला कायच म्हनायचं ऱ्हायलं तर?" मी तिच्या मानेवर ओघळलेली नीळ पुसायचे.

ती गेली त्या दिवशी तिला अंगणात ठेवलं, तेव्हा हिरवं लुगडं नेसवलं होतं, मळवट भरला होता. भांगातही कुंकू भरलं, पण त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरं दिसत होतं. दादाला धरून आणलं. माझा जीव टांगणीला लागला. ओळखलं तर त्याचं काय होईल, आणि नाही ओळखलं तर... त्यानं हात जोडले आणि हळूच मला विचारलं, "आये, कुनाची गं म्हातारी? सवाष्ण गेली, भाग्याची म्हनायची." मग शेजाऱ्यापाजाऱ्यांत जाऊन ओट्यावर बसला.

तेव्हापासून मी विंझरलाच आहे. तो रोज विचारतो, "आये, ती कुठं गेली?" मी सांगते, परसात मेंदी धुवायला गेलीय. ते ऐकलं की तो वाट बघत बसतो. त्याला पटावं म्हणून मी मधूनमधून कढईत मूठभर मेंदी भिजवते, घरात वास राहतो. तरी धाकधूक असतेच. एखाद्या दिवशी तो परसात जाऊन बघेल, तिथं कुणीच नसेल, आणि नेमकं तेव्हाच त्याला सगळं आठवेल. भाचा म्हणतो, "आत्या, असं किती दिवस रेटायचं?" मला तरी कुठं ठाऊक आहे.

परवा दुपारी मी ती कढई घासायला घेतली होती. दादा मागं येऊन उभा राहिला. वाकून त्यानं कडेला वाळलेल्या मेंदीवरून बोट फिरवलं, नाकाशी धरलं.

"आये, तिला म्हनावं, आता पुरं कर. किती येळ पान्यात ऱ्हाती. केस पांढरं झालं म्हनून म्या तिला वळखायचा न्हाई व्हय?"

"सांगते," मी म्हटलं, आणि कढई तशीच, न घासता, आत नेऊन ठेवली.