अबू टॉम

नाव विचारलं की तो आधी पाय आपटायचा. जाड सेफ्टी शूजमधले दोन्ही पाय आळीपाळीनं उचलायचा आणि खाली दाबायचा, भिंतीसाठी चिखल तुडवतात तसा. मग म्हणायचा, "फुलर. म्हणजे आम्ही हे करायचो."

सौदीत रास अल खैरला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा कारखाना आहे. तिथल्या पंपांचं सगळं खातं या म्हाताऱ्या इंग्रजाकडे होतं आणि मी नाशिकचा इंजिनियर त्याच्या हाताखाली. कुणी नवा माणूस आला की आम्ही मुद्दाम त्याला पुढे ढकलायचो, "साहेबांना नाव विचार," आणि मजा बघत उभे राहायचो. तुम्ही असता तर तुम्हीही राहिला असता.

विणून आलेलं लोकरी कापड तेलकट आणि सैल असतं. ते पिंपात घालून पायांनी तुडवत राहिलं की दाट होतं. हे तुडवणारे ते फुलर. इंग्लंडात उत्तरेकडे त्यांनाच वॉकर म्हणत, पश्चिमेकडे टकर. धंदा एकच. "आणि पिंपात काय असायचं?" असं विचारून तो सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचा. "शिळं मूत! गावभरातून गोळा केलेलं. त्या घराण्यातला मी तुम्हाला गोडं पाणी पाजतोय. उपकार माना."

पुढे पाणचक्क्या आल्या, कापड कुटायला लाकडी हातोडे आले आणि फुलरांचे पाय रिकामे झाले. धंदा गेला, आडनाव राहिलं. सुट्टीत लोक बायकामुलांना घेऊन फिरायला जातात. हा चर्चच्या नोंदी आणि शेवाळलेली थडगी तपासत हिंडायचा. असा माग काढत काढत तो सफोकमधल्या एका गावापर्यंत पोचला होता.

माझं आडनाव गावावरून पडलेलं. "कसं आहे ते गाव?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "बघितलं नाही कधी." तो इतका दुखावला की मला उगाचच एसटीच्या गैरसोयी सांगत बसावं लागलं. माझ्या इकाम्यावर, म्हणजे तिथल्या रहिवासी कार्डावर, माझ्या नावापुढे वडिलांचं नाव होतं, त्याचं मात्र त्याला फार कौतुक. "बाप कायम बरोबर," म्हणायचा, आणि कार्ड परत देताना ते अंगठ्यानं पुसायचा.

आमचा शिफ्टप्रमुख हुफूफचा, अबू फहद. फहदचा बाप म्हणून अबू फहद. तिकडे माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारतात, तोच मान. पहिल्याच आठवड्यात त्यानं इंग्रजाला विचारलं, "मुलं?"

"एक. टॉम."

"खलास, ठरलं! अबू टॉम."

तेव्हापासून सगळा प्लांट, अगदी कँटीनचे मल्याळी लोकसुद्धा, त्याला अबू टॉम म्हणू लागला. हाक मारली की तो जरा उशिरानं वळायचा. आम्ही म्हणायचो, म्हातारा बहिरा होत चाललाय. अबू फहद रोज गळाभेट झाली की विचारायचा, "टॉम कसा आहे?" हा म्हणायचा, "उत्तम." टॉमला कामात बढती मिळायची, टॉमला सर्दी व्हायची, टॉम ख्रिसमसला येतो म्हणायचा आणि त्याला रजा मिळायची नाही.

फहदचं लग्न निघालं. आम्ही दोघं माझ्या गाडीतून हुफूफला गेलो. हॉलमध्ये पुरुषांच्या बाजूला भिंतीलगत गाद्या, खजुरांची ताटं, हातात कहव्याचे इवलेसे कप. अबू फहद आनंदानं नुसता फुलून गेला होता. आमच्यासमोर बसकण मारून तो म्हणाला, "अबू टॉम, लाव मुलाला फोन. मी त्याला सलाम सांगतो. पुढच्या वर्षी खजूर उतरतील तेव्हा माझ्या घरी ये म्हणतो. यल्ला, चल, लाव!"

आजूबाजूचे दहाबारा जण कौतुकानं बघायला लागले. इंग्रजानं फोन काढला, नंबर लावला, कानाला धरला. मी अगदी खेटून बसलो होतो. पलीकडून हा नंबर वापरात नाही असं सांगणारी बाई मला स्वच्छ ऐकू आली.

"टॉम," तो म्हणाला, "माझे मित्र तुला सलाम सांगतायत. हो... हो. थंडी आहे का तिकडे?"

ती बाई पुन्हा तेच सांगत होती. अबू फहदनं फोनसाठी हात पुढे केला. मी म्हटलं, "गेला वाटतं फोन. इथं रेंजच नाही." अबू फहद हॉलवाल्याला शिव्या देत उठला. इंग्रजानं कप उचलला आणि कहवा एका घोटात संपवला.

परतीच्या वाटेवर तो आपणहून बोलला. मुलगा लहान असतानाच घटस्फोट झाला. हा आखातात पंपांपाशी, मुलगा आईकडे. आईनं दुसरं लग्न केलं. शाळेत सोडणं, सायकल शिकवणं, तापात उशाशी बसणं, सगळं त्या दुसऱ्यानं केलं. अठराव्या वर्षी टॉमनं त्याचं आडनाव घेतलं आणि तसं सांगायला बापाला स्वतः फोन केला.

"मी म्हटलं, फुलर नसशील तर मला फोन करू नकोस." त्यानं सीटबेल्ट सैल केला. "शब्दाला पक्का मुलगा. नाही केला."

मला त्याचा भयंकर राग आला. थडग्यांवरची अक्षरं वाचायला गुडघे टेकणाऱ्या माणसाला जिवंत पोराशी दोन शब्द नीट बोलता येऊ नयेत? आणि त्याच वेळी त्याची इतकी दया आली की मी गाडी पेट्रोल पंपावर घेतली आणि त्याला चहा आणून दिला.

दुसऱ्याच दिवशी त्यानं अबू फहदला सगळं सांगितलं. खोटं बोलल्याचं अबू फहदला लागलं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण तो म्हणाला, "पोरगा कुणाचंही नाव लावू दे. तू अबू टॉमच. फोन कर त्याला."

टॉम आता सावत्र बापाच्याच नळसामानाच्या दुकानात काम करतो, एवढं त्याच्या कानावर होतं. दुकानाचा नंबर इंटरनेटवर सहज मिळाला. तरी काही महिने हा "उद्या करतो" म्हणत राहिला. कंत्राट संपलं, पासपोर्टवर कायमचं देश सोडण्याचा, फायनल एक्झिटचा शिक्का बसला, आणि मी त्याला दम्मामच्या विमानतळावर सोडायला गेलो. पार्किंगमध्ये बॅगा उतरवल्यावर तो म्हणाला, "थांब जरा." त्यानं फोन लावला. स्पीकर चालू केला. मी जवळ असावं असं त्याला वाटलं असेल.

दुकानातल्या मुलीनं विचारलं, कोण बोलतंय?

"मी टॉमचा बाप बोलतोय."

"अहो सर, तुम्ही होय!" ती मोकळेपणानं हसली. "आवाज किती बदललाय तुमचा, सर्दी झालीय का? टॉम माल पोचवायला गेलाय. रात्री जेवायला घरीच येतोय, तुम्हाला सांगून ठेवायला सांगितलंय त्यानं. आईला म्हणावं, ॲपल पाय कर."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तो काहीतरी बोलेल, निदान नाव सांगेल, असं मला वाटलं.

"बरं," तो म्हणाला. "सांगतो तिला." आणि त्यानं फोन ठेवला.

"तुम्ही सांगितलं का नाहीत तिला?"

त्यानं बॅगेचा दांडा वर ओढला. "आईच्या हातचा ॲपल पाय त्याला अजून आवडतो," एवढंच म्हणाला, आणि दाराकडे चालू लागला.