चिमटा, टेप आणि वजनकाटा

आमच्या दवाखान्यात बायका वजन करायला यायच्या आणि जाताना एखादा किस्सा ठेवून जायच्या. पनवेलमधलं ते छोटं प्रसूतिगृह आता बंद झालंय; डॉक्टर मॅडम मुलीकडे राहायला गेल्या. मी तिथे आहारतज्ज्ञ होते. गरोदर बाईचं नुसतं वजन बघून भागत नाही, अंगावर चरबी किती धरली तेही कळायला हवं, असं मॅडमचं मत. म्हणून दर महिन्याला काट्यावर वजन घ्यायचं, दंडाला टेप लावायची आणि दंडामागची कातडी एका चिमट्यात धरून तिची जाडी मोजायची, हे माझं काम. अजूनही बाजारात जुनी पेशंट भेटली की हसत दंड पुढे करते.

*

नेरे गावची सुगंधा पहिल्यांदा आली ती सासूबरोबर. सासूचा आमच्या काट्यावर भरवसा नव्हता, म्हणून आधी ती स्वतः चढली. आकडा बघून म्हणाली, "काटा बरोबर नाय तुमचा."

मग मी सुगंधाच्या दंडाला चिमटा लावला. ती म्हणाली, "चिमटं काढायला इथं कशाला यायचं, ताई? घरी सासू हाय ना."

सगळ्यात मोठ्याने सासूच हसली. पुढे प्रत्येक खेपेला माझ्यासाठी वालाच्या शेंगा आणायची तीच.

*

खांदा कॉलनीतल्या एका बाईंना रोज नवीन काहीतरी खावंसं वाटायचं. दोन घास खाल्ले की नको व्हायचं. अन्न टाकवत नाही म्हणून उरलेलं नवरा संपवायचा. सातव्या महिन्यात मॅडमनी त्यालाही काट्यावर उभं केलं. आकडा बघून शांतपणे म्हणाल्या, "वाढ उत्तम आहे. फक्त चुकीच्या माणसाची."

*

कामोठ्याची प्राजक्ता आयटीत होती. प्रत्येक मापाचा मोबाईलवर ग्राफ काढायची. चरबीची रेघ वर चढताना दिसली आणि तिने गुपचूप रात्रीचं जेवण सोडलं. पुढच्या महिन्यात दंडाचं माप कमी भरलं. मी विचारल्यावर ती रडायलाच लागली.

मॅडम ओरडल्या नाहीत. ही चरबी म्हणजे बाळाच्या दुधाची बेगमी आहे, शरीर आपणहून साठवतंय तर साठवू दे, असं त्यांनी समजावलं. मग स्वतःचा डबा उघडला. दोघींनी मिळून भाजी-भाकरी खाल्ली. बाहेर पेशंट खोळंबल्या होत्या, पण कुणी कुरकुरलं नाही.

पुढच्या वेळी प्राजक्ताने ग्राफ दाखवला. त्या रेघेचं नाव तिने बदललं होतं: 'बेगमी'.

*

आणि रुखसाना. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. तेव्हा काटा पुढे सरकला नाही आणि तिथूनच शंका आली होती. म्हणून या खेपेला ती काट्यावर डोळे मिटून उभी राहायची. नवरा कुवेतला. व्हिडिओ कॉल लावून ती फोन माझ्या हातात द्यायची, मी तो काट्याच्या आकड्यासमोर धरायचे. आकडा तो मनातल्या मनात वाचायचा आणि नुसतं "उतर आता" म्हणायचा. त्याच्या आवाजावरून तिला कळायचं.

मुलगी झाली. तिला घेऊन रुखसाना तपासणीला आली, तर नेमका बाळांचा काटा बिघडलेला. मी म्हटलं, आधी बाळासकट उभी राहा, मग तुझं एकटीचं वजन घेऊन वजा करू.

ती उघड्या डोळ्यांनी उभी राहिली. तिकडून नवऱ्याने आकडा वाचला, पहिल्यांदाच मोठ्याने. मी बाळ घ्यायला हात पुढे केले.

रुखसाना काट्यावरून हलली नाही.

"राहू दे ना, ताई," ती म्हणाली. "आजच्या दिवस दोघींचं एकत्रच लिहा."