तक्रारदारांची यादी

नव्या रायपुरात नोकरीची शेवटची चार वर्षं मी ज्या कार्यालयात काढली, त्याचं काम एका वाक्यात सांगता येईल. सरकारकडे असलेली लोकांची खासगी माहिती, म्हणजे आजार, मिळकत, फोन नंबर, कुणी चव्हाट्यावर आणली तर तक्रार ऐकायची आणि संबंधितांना समज द्यायची. शिक्षा करायचा अधिकार नव्हता. बजेटही तसंच. पगाराला, गाडीच्या पेट्रोलला, खुर्च्यांना पैसे असत. जागेवर जाऊन तपासणी करण्याच्या रकान्यात दरवर्षी शून्य. इमारत मात्र अशी, की बघणाऱ्याला वाटावं राज्य इथूनच चालतं. मोठं घर, पोकळ वासा. मी तिथला बडे बाबू, म्हणजे मुख्य कारकून, आणि तसं म्हटलेलं मला आवडायचं.

एकदा भर दुपारी एक बाई आली. जुन्या रायपुरातल्या पुरानी बस्तीहून इथवर येणं सोपं नाही. बस कधी येईल याचा भरवसा नसतो. टेबलावरच्या पाटीवर मराठी आडनाव वाचलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

"भाऊ, तुमी आपलेच हा न? बरं झालं. हिंदीत मले असं सांगता नसतं आलं."

ती समता कॉलोनीत जेवणाचे डबे पोचवायची. मधे तिला टीबी झाला होता. औषधं पुरी केली, बरी झाली. पण आजारपणात सरकारी मदत मिळालेल्यांची यादी तिच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, एका कार्यालयाच्या भिंतीवर लागली होती, नावासमोर आजार लिहून. ती अजून तिथंच होती.

"हा पाहा डॉक्टरचा कागद. पन पाऱ्यात माह्या हातचं पानी बी कोनी घेत नाही. समता कॉलोनीवाल्यायले अजून मालूम नाही. तेवढं त्यायले समजू नका देऊ, भाऊ. त्या डब्यायवरच माहं पोट हाय."

मी तक्रार लिहून घेतली. जाताना तिनं पिशवीतून स्टीलचा डबा काढला. "रश्श्यातल्या पाटोड्या हाय. खाऊन पाहा."

"आज उपवास आहे, ताई," मी म्हणालो.

"मंग संध्याकाळी खाजा," म्हणून ती डबा ठेवून गेली. डॉक्टरचा कागद मी नुकताच वाचला होता. तिला आता काही नाही हे मला कळत होतं. तरी संध्याकाळी त्या पाटोड्या मी कचऱ्यात टाकल्या आणि रिकामा डबा खालच्या खणात सारला. ते आठवलं की आजही माझी मला किळस येते.

भिंतीवरची यादी काढावी, असं पत्र आम्ही त्या कार्यालयाला पाठवलं. ती निघाली की नाही हे बघायला जायचं कुणी? रकान्यात शून्य! माझ्या घरच्या वाटेवरून स्कूटरनं पंधरा मिनिटांचा फेरा होता. मी गेलो नाही. सरकारी कामाला पदरचं पेट्रोल जाळायचं नाही, हा माझा बाणा होता.

पुढे बजेटचे दिवस आले. वर्षभर तुम्ही केलंत काय, असं वित्त विभागानं विचारलं. साहेब घाबरले. "बडे बाबू, काम दिखना चाहिए. नहीं तो ये दफ्तर ही बंद हो जाएगा."

काम दाखवायची एकच रीत मला ठाऊक होती. तीस वर्षं मी याद्या केल्या होत्या: रेशनच्या, घरकुलांच्या, पेन्शनच्या. नाव, नवऱ्याचं नाव, पारा, मोबाइल, तपशील. एखादा रकाना रिकामा राहिला तर यादी अपुरी, आणि मी अपुरी यादी कधी दिली नाही. तशीच तक्रारदारांची यादी केली. दाराशी फलकावर लावली, वेबसाइटवर चढवली. साहेबांनी पाठ थोपटली. कुंपणानंच शेत खाल्लं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बजेट मंजूर झालं, आधीपेक्षा थोडं जास्तच.

काही दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी बसलीसुद्धा नाही. समता कॉलोनीतल्या एका गिऱ्हाइकानं मोबाइलवर तिला तिचंच नाव दाखवलं होतं, समोर 'टीबीची माहिती उघड झाल्याबद्दल तक्रार' असं नीट टाइप केलेलं. आठवड्यात सगळे डबे बंद झाले होते.

मी धावत जाऊन फलकावरचा कागद फाडला, वेबसाइटवरून यादी काढायला लावली. ती नुसती बघत राहिली.

"राहू द्या आता. माहा डबा द्या."

खणातून डबा काढून दिला. मी तो धुतलाही नव्हता. तिनं झाकण उघडलं, वाळलेला रस्सा बघितला आणि झाकण परत लावलं.

"त्या दिवशी तुमचा उपवास नव्हता न, भाऊ? मी आत यायच्या पहिले तुमी समोसा खाऊन राहिले होते. दारातून दिसलं मले."

मी उघडा राहिलेला खण ढकलून बंद केला.

"मले राग नाही आला. सवय हाय. म्हटलं, खात नाही तं नको खाऊ, पन आपला मानूस हाय, निदान माहं नाव तं झाकून ठेवन."