सायकलवरून माहेरी

हसणार नसाल तर सांगते. जाऊ द्या, हसाच! एवढा मोठा गोंधळ घालून ठेवल्यावर कुणी हसूही नये म्हणजे फारच झालं.

तर वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी सायकल घेतली. नांदेडच्या एका शाळेत मी क्लार्क. दिवसभर खुर्चीत. गुडघे कुरकुरायला लागले तसे डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा. गेले दुकानात. म्हटलं, गिअर-बिअर काही नको, सगळ्यात स्वस्त असेल ती दाखवा.

दुकानदार म्हणतो, "मुलीसाठी का, मॅडम?"

म्हटलं, "हाव. आबांच्या मुलीसाठी."

आबा म्हणजे माझे वडील. अर्धापूरजवळ आमचं गाव, केळीची बाग. मी अकरावीला असताना आबांनीच मला सायकल शिकवली. पोरगी सायकलवर कॉलेजला जाते म्हणून गाव नावं ठेवायचं, आबा खुशाल मागनं पळायचे! लग्न झालं आणि सायकल सुटली ती सुटलीच.

दोन महिने कॉलनीत गोल गोल फिरले. दोनदा आपटले. मग मनात आलं, एकदा सायकलवर माहेरी जाऊन आबांना चकित करावं. फोन नाही, निरोप नाही. रविवारी सकाळी सहाला निघाले. आमचे हे झोपलेले. घामानं भिजणार म्हणून कोरडा ड्रेस पिशवीत घातला, पिशवी हँडलला अडकवली.

वाटेत केळीचे ट्रक एवढे जवळून जायचे की काय सांगावं! त्यात समोरून वारा. डोळ्यांतून घळाघळा पाणी. गावात पोचले तेव्हा माझं तोंड टोमॅटोसारखं लाल, केस झिंज्या, आणि छातीत मोठा भाता चालू.

दारात रेखा होती, माझ्या धाकट्या भावाची, सुरेशची बायको. तिच्या हातातलं सूपच खाली पडलं.

"अक्का! एकट्याच? दाजी कुठं हायत?"

मला श्वास पुरेना. म्हटलं, "त्यांना... सोडून... आले."

घरी सोडून आले, असं म्हणायचं होतं हो मला! पण 'घरी' म्हणायला हवा कुठं शिल्लक होती?

रेखानं पिशवीकडं पाहिलं. कपडे! मग माझ्या नडगीकडं पाहिलं. काळानिळा डाग.

"हे काय झालं, अक्का?"

"काही नाही गं. पडले."

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी कुठली बाई दुसरं काही सांगते? रेखाचे डोळे भरले. "कधीपासून चालू हाय हे?"

मला वाटलं, सायकलचं विचारून राहिली. म्हटलं, "दोन महिने झाले. सुरुवातीला लई त्रास झाला. आता सवय झाली बघ."

सवय झाली! असं मी तिला हसत हसत सांगितलं!

मी अंघोळीला गेले. तेवढ्या वेळात तिनं बागेतून सुरेशला बोलावलं, सुरेशनं आमच्या ह्यांना फोन लावला. "अक्का इथं हाय. असाल तसे या," एवढंच बोलला आणि कट केला.

मला ह्यातलं काही म्हणजे काही माहीत नाही. बाहेर आले तर आबा माझी सायकल घरात घेऊन बसलेले. अठ्ठ्याहत्तरचं वय. खांद्यावरच्या टॉवेलनं तिचा एकेक दांडा पुसत होते.

"आबा, कशी हाय सायकल?"

ते वर बघेचनात. म्हणाले, "सुनी, हे घर तुहं बी हाय. तुला वाटल तितके दिस राहा. कोणी काही इचारलं तर मी हाय सांगायला."

मला काय वाटलं? म्हातारपणी माणूस हळवं होतं. पण त्यांचा आवाज असा काही लागला की मला रडूच कोसळलं. चांगली हुंदके देऊन रडले! झालं. रेखाला उरलीसुरली शंका होती ती पण मिटली.

इतक्यात स्कूटी आली. आमचे हे! पायात दोन वेगवेगळ्या चपला, शर्ट उलटा, हेल्मेटसकट घरात. मला सगळ्या बाजूंनी बघितलं, हात-पाय मोजले आणि मटकन खाली बसले.

सुरेश कमरेवर हात ठेवून उभा. "दाजी, आमची अक्का असं घर सोडून येणारी बाई न्हाई. काय केलं तुम्ही?"

हे माझ्याकडं बघतात, आबांकडं बघतात. मग मान खाली घालून म्हणाले, "चुकलं माझं. हवा मीच सोडत होतो."

"कशाची हवा?"

"हिच्या सायकलची. दर आठवड्याला. दोनदा पडली हो ही! ऑफिसात बसलो तरी जीव थाऱ्यावर नसतो माझा. म्हटलं, हवा नसली की घरात बसेल."

अरे देवा! आणि मी दोन महिने शेजारच्या पोरांना शिव्या घालत होते!

मग एकेक धागा सुटला. रेखानं पदर तोंडात कोंबला, सुरेश हसून हसून भिंतीला टेकला. हेही हसले, पण माझा हात काही सोडला नाही. आबा मात्र सायकलच पुसत होते. मग हळूच म्हणाले, "म्हंजे तू राहनार न्हाईस?"

 म्हटलं, "आबा, आता दर महिन्याला येईन. सायकलवर. आत्ता जातेही सायकलवरच, बघा तुम्ही!"

मोठ्या तोऱ्यात उठायला गेले, आणि उठताच येईना! मांड्या दगड, कंबर लाकूड. दोघांनी दोन्हीकडून धरलं तर "आई गं!" अशी किंचाळले की शेजारणी धावत आल्या. शेवटी हे एकटेच नांदेडला परत गेले. जावई खालमानेनं एकटा परतला, हे मात्र अख्ख्या गावानं पाहिलं.

संध्याकाळपासून बायकांची रीघ. "भरल्या संसारात असं करू नये गं बाई," म्हणत एकेक जण डोळे पुसायची. मी शपथेवर सांगत होते, नवऱ्यानं काही केलं नाही, सायकलच्या सीटनं केलं! पण उशीत तोंड खुपसून तीन दिवस पालथी पडलेल्या बाईवर कोण विश्वास ठेवणार?