आईची वर जायची तारीख

आईनं ऑपरेशनला नाही म्हटलं ते गवारीच्या शेंगा मोडता मोडता. उद्या दूध नको म्हणून सांगावं, इतक्या सहज.

"त्या तारखेले मी इथं राह्यतच नाही," ती म्हणाली.

मला वाटलं, तिच्या मनात अमरावतीला मावशीकडे जायचं असेल. म्हटलं, मावशी कुठं पळून नाही जात, आधी डोळा. तर ती हसली. "मावशीकडं नाही वं. वर."

आमचं नेरचं घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. मी इथल्या शाळेत इतिहास शिकवते, आई आणि मी दोघीच राहतो. आईचा उजवा डोळा काचबिंदूनं पूर्वीच गेलेला. डाव्यात मोतीबिंदू पिकला होता आणि यवतमाळच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आता काढला नाही तर या डोळ्यातही दाब वाढेल आणि मग काही करता येणार नाही. महत्प्रयासानं तारीख मिळाली होती. आणि आईच्या मोबाइलवरच्या प्रार्थनेच्या ग्रुपात कुणीतरी एक प्रवचन पाठवलं होतं, की यंदा यहुद्यांच्या कर्ण्याच्या सणाला प्रभू येणार आणि विश्वासणाऱ्यांना आकाशात उचलून नेणार. सण ऑपरेशनच्या नऊ दिवस आधी होता.

"नवव्या दिवशी नवा डोया घेऊन मी काय करू?" आईनं विचारलं. "वर सारं नवंच भेटते."

मी चिडले, पण खरी ठिणगी दुसऱ्या दिवशी पडली. मधल्या सुट्टीत फोन पाहिला तर आईचे सात आवाजी निरोप. दिसत नसल्यानं ती लिहीत नाही, बोलून पाठवते. गॅसचं पुस्तक लोखंडी पेटीत आहे. तुरीला ऊन दाखवत जा. कोंबड्या शेजारच्या चाचाला दिल्यात, मागायला जाऊ नकोस. सातव्या निरोपात ती म्हणाली, "तू मागं राह्यली तं हे सारं कामी येईन. तुहं काही सांगता येत नाही, म्हनून सांगून ठेवते."

मी मागं राहणार हे ती धरूनच चालली होती. मी वाद घालते, रविवारी कधी कधी वह्या तपासत बसते, म्हणून मी बाद. स्टाफरूममध्ये सगळे डबे खात होते आणि मला रडू येत होतं. आई मला टाकून जायला तयार होती, वर हिशेबानं घर आवरून देत होती. राग तर इतका आला की पुढच्या तासाला मी मराठ्यांचा इतिहास सोडून सगळ्या वर्गाला धारेवर धरलं.

आमच्या पाळकांना बोलावलं. सज्जन माणूस. त्यांनी आईला समजावलं की दिवस आणि घटका कुणालाच ठाऊक नाही असं प्रभूनं स्वतःच सांगून ठेवलंय, मग या मोबाइलवाल्याला कुठून कळलं? आईनं ऐकून घेतलं. म्हणाली, "तारीख चुकन एखाद्या टायमाले. पन उचलून नेनार हे तं शास्त्रात हाय ना?" आणि तिनं ते वचन म्हणून दाखवलं. आमच्या घरात ते सगळ्यांना तोंडपाठ आहे, मलाही. विश्वासणारे गुपचूप उचलले जातील, शेजेच्या माणसालाही कळणार नाही, आणि मागे राहतील त्यांच्यावर सात वर्षं संकट येईल. पाळक जरा गोंधळल्यासारखे दिसले, पण चहा पिऊन गेले.

मी म्हटलं, ठीक आहे. वचनावरच वाद घालायचा तर वचन मुळातून वाचू. आजोबांचं शास्त्र काढलं. आजोबा म्हणजे आईचे वडील. ते गोऱ्या मिशनरी साहेबाच्या वर्गात शिकले आणि गावोगाव उपदेश करत फिरले. त्यांचं ते काळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड शास्त्र आमच्याकडे आलं. आई लहानपणापासून रोज संध्याकाळी त्यातूनच वाचायची, डोळे गेले तोवर.

वचन सापडेना. प्रेषितांची पत्रं झाली, शुभवर्तमानं झाली, शेवटचं प्रकटीकरण झालं. मेघांमध्ये घेतले जाण्याचं एका पत्रात होतं, पण तिथं तर मोठी ललकारी आणि कर्ण्याचा नाद होता. गुपचूप काहीच नव्हतं! शेजेचा माणूस नव्हता, सात वर्षं नव्हती. मी मोबाइलवर तीन भाषांतरं पाहिली. कुठंच नाही. पुन्हा आजोबांच्या शास्त्रात तेच पान काढून खिडकीशी नेलं, आणि मग दिसलं. ओळ छापलेली नव्हतीच. समासात शिसपेन्सिलीनं लिहिलेली होती, आता पुसट झालेली, म्हणून आधी नजरेतून सुटली. आजोबांचं अक्षर इतकं बारीक, गोल, एकसारखं की छापलेल्या ओळींच्या शेजारी ते त्यांच्यातलंच वाटावं. पान शिवणीपाशी दाबून उघडलं तेव्हा आत दडलेले दोन शब्द बाहेर आले: "साहेब म्हणतात."

मी किंचाळलेच. खरंच किंचाळले. ते शास्त्र नव्हतं, वर्गातली टिपणं होती! आजोबा प्रामाणिक माणूस, कुणाचं वाक्य ते लिहून ठेवलं होतं त्यांनी. पण त्यांनीच लेकीला बजावलं होतं की शास्त्र वाचताना पानावरचं एक अक्षर गाळायचं नाही. आई दहा वर्षांची असेल. तिनं गाळलं नाही. छापलेलं वाचलं आणि त्याच दमात समासातलंही वाचलं. पुढच्या वर्षी आजोबा वारले, मग दुरुस्त करायला कुणी उरलं नाही. साठ वर्षं आमच्या घरात साहेबाचं वाक्य देवाचं म्हणून चाललं.

आता साहेबाच्या डोक्यात ते कुठून आलं? मला चैन पडेना. पुढचे चार दिवस मी शाळा सुटली की यवतमाळची बस धरायची. तिथं एका निवृत्त पाळकांकडे जुन्या पुस्तकांचं कपाट आहे, त्यात डोकं घालून बसायची. इतिहास शिकवून वीस वर्षं झाली, पण इतिहासानं माझी झोप उडवली ती याच आठवड्यात. कारण जे सापडत गेलं ते भन्नाट होतं. प्रभू परत येणार ही श्रद्धा पहिल्यापासूनची. पण तो आधी गुपचूप येऊन आपली माणसं उचलून नेणार, मागच्यांवर संकट कोसळणार, आणि मग तो उघडपणे येणार, ही दोन टप्प्यांची शिकवण या रूपात दोनशे वर्षांचीही नाही! आयर्लंडमधला एक धर्मगुरू आपली मंडळी सोडून बाहेर पडला, तिथल्या एका श्रीमंत विधवेच्या वाड्यात भविष्यवाण्यांवर बैठका भरायच्या, त्यांत ती आकाराला आली. कुणी म्हणतात, स्कॉटलंडमधल्या एका आजारी पोरीला आधी दर्शन झालं. ते पुष्कळ अभ्यासक मानत नाहीत. त्याच्याही आधी कुणी कुणी असं काहीबाही बोलून गेले होते, त्यावरही वाद आहेत. पण ही गोष्ट समुद्र ओलांडून अमेरिकेत गेली आणि खरी पसरली ती तिथं.

आणि कशी पसरली? मी ते वाचलं तेव्हा खुर्चीतून उठून उभी राहिले. तिथं एका माणसानं शास्त्राची अशी आवृत्ती काढली की वर मूळ वचनं आणि त्याच पानावर खाली त्याच्या स्वतःच्या टिपा. लोक वरचं वाचत, खालचं वाचत, आणि काही वर्षांनी कोणतं कुठलं ते कुणाला आठवेना. म्हणजे माझ्या आईनं नेरजवळच्या एका खेड्यात जे केलं, तेच लाखो शिकल्यासवरल्या माणसांनी केलं होतं! मला त्या क्षणी आईचा इतका अभिमान वाटला की सांगता सोय नाही.

हे सगळं मी घरी येऊन कसं सांगितलं? जसं सांगायला नको होतं तसं. चपलाही न काढता. "आई, ते शास्त्रात नाहीच हाय! तुह्या बापानं लिहेल हाय ते, पेन्सिलनं!"

आईचा चेहरा उतरला. तिला ऐकू एवढंच आलं की लेक आपल्या बापाला खोटा म्हणतेय. मी आयर्लंड सांगितलं, अमेरिका सांगितली, खालच्या टिपा सांगितल्या. तिनं हात पुढं करून माझ्याकडून शास्त्र घेतलं, पदरानं पुसलं आणि मांडीवर ठेवलं. दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. सणाला सहा दिवस उरले होते. ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्या करायच्या राहिल्या होत्या, डॉक्टरांकडून फोन येत होता, आणि मी माझ्या हुशारीनं दार आणखी घट्ट लावून बसले होते.

शेजारच्या चाचाचं वेल्डिंगचं दुकान आहे. आमच्या कोंबड्यांमुळे तो बिचारा अडचणीत होता, कारण त्या रोज आमच्याच अंगणात परत यायच्या. त्या संध्याकाळी दोन कोंबड्या बगलेत धरून तो आला आणि त्यानं आईला विचारलं, "भाभी, खरंच चालल्या का तुमी?"

"चाललीच," आई म्हणाली.

"आमच्यात बी हजरत ईसा, म्हंजे तुमचे येशू, येनारच हायेत," चाचा म्हणाला. "पन आमच्यात ते खाली येतात ना. इथं येऊन इन्साफ करतात. कोनाले घेऊन जाचं काही आमी आयकलं नाही बा." त्यानं कोंबड्या सोडल्या. "तुमचं तुमाले मालूम."

तो गेल्यावर आईनं मांडीवरचं शास्त्र माझ्यापुढं सरकवलं आणि माझ्याकडे न वळताच म्हणाली, "वाच ते पत्र. जे छापेल हाय तेवढंच वाच."

मी या वेळी शहाण्यासारखं हळू वाचलं. मग तिला सांगितलं की ज्या मंडळीला हे पत्र गेलं, तिथली काही माणसं वारली होती. मागच्यांना घोर लागला होता की प्रभू आला आणि आपले मेलेले तेवढे राहून गेले तर? त्यांना धीर द्यायला हे लिहिलंय. कुणीच राहून जाणार नाही, हेच सांगायला. आणि मेघांत प्रभूला सामोरं जायचं म्हटलंय ते असं, की त्या काळी राजा शहराला आला की लोक वेशीबाहेर जाऊन त्याला गाठायचे आणि वाजतगाजत आत घेऊन यायचे. पुष्कळ अभ्यासकांना या पत्रात तेच चित्र दिसतं.

आईची मान वर झाली. "म्हंजे आपुन फाट्यावर जातो तसं?"

मी बघतच राहिले. आईच्या माहेरच्या गावी दरवर्षी उपासनेचा मेळा भरतो. बाहेरगावचा पाहुणा उपदेशक एस्टीनं फाट्यावर उतरतो, आणि सगळी मंडळी ढोलकी, टाळ, हार घेऊन कोसभर चालत त्याला घ्यायला जाते. आई पाय धुवायचा तांब्या घेऊन सगळ्यांच्या पुढं. मी लहानपणापासून तिच्या मागून चाललेय. चार दिवस कपाटात डोकं घालून मला जे सुचलं नव्हतं ते तिनं बसल्या जागी पकडलं.

"मंग फाट्यावर गेल्यावर पाहुन्यासंगं एस्टीत बसून निघून जाते का कोनी?" आई आता माझ्याशीच भांडत होती, आणि मला आनंदानं हसू फुटत होतं. "त्याले घेऊन गावातच येतो ना आपुन? घर झाडून ठेवतो, सयपाक करून ठेवतो. आपुनच पसार झालो तं त्याले जेवाले कोन वाढन?"

"कोनीच नाही," मी म्हटलं.

"आन तो इथंच येनार तं त्याचं तोंड पाहाले डोया नोको का मले?" ती माझ्याकडे वळली. "तारीख हाय ना वं अजून? का देऊन टाकली त्याहीनं दुसऱ्याले?"

मी लगेच फोन लावला. तारीख होती. तपासण्या दुसऱ्याच दिवशी केल्या.

सणाच्या दिवशी आईनं आंघोळ करून पांढरी साडी नेसली, हे मी मान्य करते. मी विचारलं तर म्हणाली, "आला तं आला, तयार असलेलं बरं." चार वाजता चहा मागितला, संध्याकाळी कोंबड्या मोजून झाकल्या.

नऊ दिवसांनी चाचानं आम्हाला त्याच्या गाडीतून यवतमाळला नेलं. ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सनं पट्टी काढली, थेंब टाकले आणि सांगितलं, हळू उघडा. आईनं डोळा उघडला. खिडकी पाहिली, नर्स पाहिली, पलीकडच्या खाटेवरच्या बाईची हिरवी साडी पाहिली. मी काहीतरी दिग्विजयी बोलायच्या तयारीत होते. तेवढ्यात तिची नजर माझ्यावर आली आणि तिथंच राहिली. तिनं हात वाढवून माझ्या कपाळावरचे केस मागं सारले, मग कानाजवळचे.

"सारे पांढरे झाले वं तुहे," ती म्हणाली. "कवा झाले?"

"झाले दोन-तीन वर्सं."

तिचा नवा डोळा भरून आला. नर्स म्हणाली, आजी, रडायचं नाही, पाणी आणायचं नाही डोळ्यात. आईनं तिच्याकडे लक्षच दिलं नाही.

"लेक म्हातारी झालेली मले दिसली नाही," ती म्हणाली, "आन मी जाले निघाली होती."