धोटाताईची जिंकलेली खुर्ची

कापड विणणाऱ्या मागांच्या शेडमध्ये तोंड उघडून उपयोग नसतो. त्या खडखडाटात स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही. म्हणून तिथं सगळे हातांनी बोलतात. तेलवाला हवा असला की बोटं चोळायची, कामगार संघटनेचा अध्यक्ष हवा असला की स्वतःच्या खांद्यावर थाप मारायची. ही बोली धोटाताईइतकी कुणालाच येत नसे. मागातल्या सूत नेणाऱ्या धोट्यासारखी ती दिवसभर इकडून तिकडे पळायची, म्हणून हे नाव.

त्या वर्षी अध्यक्षाच्या निवडणुकीला संघटनेनं चिठ्ठ्या सोडून मतदानाचं यंत्र भाड्यानं आणलं आणि धोटाताई शेडमधल्याच एका चष्मेवाल्या कामगाराला हरवून अध्यक्ष झाली. दुसऱ्याच दिवशी शेडच्या पार टोकाला तिला दोन हात दिसले. अंगठ्यानं बटण दाबलं, मूठ मिटली, मूठ खिशात गेली. म्हणजे मतं ढापली. बघता बघता तोच इशारा या मागावरून त्या मागावर गेला. तोंडावर मात्र सगळे "अभिनंदन, ताई."

हे तिच्या फार जिव्हारी लागलं. तिनं यंत्रवाल्याला गाठलं.

"माझी मतं मोजून दाखवा."

"ताई, आकडा आलाय ना? तोच निकाल."

"आकडा मीही वाचला. मतं कुठायत?"

दाखवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. संघटनेच्या नियमांत तर अजून चिठ्ठीच होती. नियम बदलायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

घरी नवऱ्यानं कपाळावर हात मारला. "अगं, हरलेला गप्प बसलाय आणि जिंकलेली बोंबलतेय. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची भारी हौस तुला."

"लोकांच्या मनातून उतरून खुर्चीत बसू कशी?"

तिनं स्वतःच सभा बोलावून स्वतःची निवड रद्द करून घेतली. पुन्हा चिठ्ठ्या पडल्या, सगळ्यांसमोर एकेक उघडली आणि धोटाताई थोडक्यात हरली. आधी यंत्र चुकलं होतं की आता माणसांची मनं बदलली, देव जाणे. हे करायला वाघाचं काळीज लागतं. आणि घरी येऊन ती रडली, तेही खरंच.

सकाळी माग सुरू झाले. चष्मेवाल्यानं लांबून हातांनी विचारलं, तुझी चिठ्ठी कुणाला? तिनं त्याच्याकडे बोट करून नकारार्थी मान हलवली. तो पोट धरून हसला. कुणीतरी स्वतःच्या खांद्यावर थाप मारून त्याच्याकडे बोट दाखवलं, तेवढं तिला टोचलं. मग तिनं भीतभीत साऱ्या शेडवरून नजर फिरवली. कुणी तेलवाल्याला बोलावत होतं, कुणी जेवणाची सुट्टी कधी विचारत होतं. एकही हात खिशाकडे गेला नाही.